जुनी येझ्दी घ्यायची आहे, पण गिअरची गाडी येत नाही. आधी काय करू?

मृण्मयी_के

नमस्कार मंडळी,

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा आणि येझ्दी या जुन्या मोटारसायकलींचा 'जावा-येझ्दी दिवस' असतो हे मला यंदाच कळलं. पुण्यात सकाळी एका मैदानावर गाड्या जमल्या होत्या. मी भावाला सोडायला म्हणून गेले आणि तीन तास तिथून हललेच नाही.

बाबांकडे १९८४ची येझ्दी रोडकिंग होती. मी टाकीवर पुढे बसायचे, हात हँडलच्या मधल्या दांड्याला धरून. मी पाचवीत असताना ती विकली. परवा मैदानावर एका काकांनी किक मारली, दोन्ही सायलेन्सरांतून निळसर धूर निघाला आणि त्या वासाने मला थेट आमच्या जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजात नेऊन उभं केलं. तेव्हाच ठरवलं, घ्यायची तर हीच.

आता अडचणी. आजवर मी फक्त ॲक्टिव्हा चालवली आहे. लायसन्सही बिनगिअरचं आहे. मैदानावर दोन गाड्यांना 'विकणे आहे' अशी पाटी होती. त्यातल्या एका मालकांचं म्हणणं, "घेऊन टाका, चालवता चालवता शिकाल." भाऊ म्हणतो, वेडेपणा करू नकोस. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आधी एखाद्या नव्या गाडीवर शिकावं की सरळ येझ्दीवरच? आणि अशा मेळाव्यात गाडी पाहताना नेमकं काय पाहायचं? बजेट बेताचं आहे.

गॅरेजवाला

ताई, आधी शिका, मग घ्या. कुणाची तरी शंभर सीसीची साधी गाडी पंधरा दिवस मागून घ्या. क्लच कुठे धरतो, कुठे सोडतो हे हाताला कळू दे. जुन्या गाडीवर शिकलात तर गाडी बंद पडल्यावर चूक तुमची की गाडीची, हेच कळत नाही. माणूस तिथेच कंटाळतो.

फॉर्म_तीस

लायसन्सचं आधी सांगतो, कारण हे सगळे विसरतात. तुमच्याकडे बिनगिअर दुचाकीचं लायसन्स आहे, त्यावर गिअरची गाडी चालत नाही. नवा वर्ग जोडून घ्यावा लागेल. त्यासाठी शिकाऊ लायसन्स, ते सहा महिने चालतं. तीस दिवस झाल्यावर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. तोवर गाडीला 'एल' लावा. मागे कुणाला बसवायचं असेल तर तो पक्कं लायसन्स असलेला शिकवणाराच हवा. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं लायसन्स मागते.

गाडीच्या कागदांचं सविस्तर रात्री लिहितो.

दोन_सायलेन्सर

गॅरेजवाले, थोडा असहमत. मी १९७९ साली थोरल्या भावाच्या जावावर शिकलो आणि तसं शिकलो याचा मला आजही आनंद आहे. नव्या गाडीत सगळं आपसूक होतं. जुनी गाडी तुम्हाला ऐकायला शिकवते. थंडीत कार्बोरेटरवरचा टिकलर (जादा पेट्रोल सोडणारं बटण) किती दाबायचा, पेट्रोल कधी ओघळतं, चोक कधी सोडायचा, हे हातात बसलं की पुढे कुठलीही गाडी घाबरवत नाही.

मृण्मयीताई, जावा-येझ्दीची एक गंमत तुम्हाला सांगितलीच पाहिजे. किक आणि गिअर हा एकच दांडा. तो आत दाबून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाली की परत पुढे आणला की गिअर. तोही डाव्या बाजूला. नवखा माणूस किक मारतो, गाडी सुरू होते आणि पाय गिअर शोधत हवेत फिरत राहतो. जुन्या जावात आणखी एक सोय होती. गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप उचलला जायचा, त्यामुळे हाताने क्लच न धरताही गिअर बदलता यायचा. याचा उलटा परिणाम असा की चालवताना पाय गिअरवर टेकवून ठेवायची सवय लागली तर क्लच घसरत राहतो आणि प्लेटा जळतात. शिकतानाच पाय फूटरेस्टवर ठेवायची सवय लावा.

पंचगंगा

आमच्या कोल्हापुरात निम्मी पिढी येझ्दीवर नाहीतर राजदूतवर शिकली. दोन्हीकडं दुधाच्या किटल्या बांधलेल्या, मधे बसून पोरगं गाडी हाणतंय. शिकत्यात की सगळी. काय नाही होत.

पण मी खरा धडा शिकलो बुलेटवर, आणि त्याची गोष्ट सांगतो, कारण ती गॅरेजवाल्यांच्या बाजूची हाय. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. पहिला वर, बाकीचे तीन खाली. मी दोन वर्षं दुसरी गाडी चालवून मग काकांची बुलेट घेतली. गावाबाहेर समोर म्हैस आली. सवयीनं उजवा पाय दाबला. तिथं ब्रेक नव्हताच. खाली दाबला म्हणजे वरचा गिअर पडला, गाडी थांबायची सोडून आणखी मोकळी सुटली. म्हैस बाजूला झाली म्हणून वाचलो. तेव्हापासून माझं मत असं: जी गाडी घेणार त्याच बाजूच्या गिअरवर शिकायचं. ताईंना येझ्दी घ्यायची असेल तर गिअर डावीकडंच, आताच्या गाड्यांसारखा. मग कशावरही शिकल्या तरी पाय चुकणार नाही. बुलेट किंवा बीएसए, नॉर्टन असलं इंग्रजी घोडं घ्यायचं असतं तर मी नव्या गाडीवर शिकू नका असंच म्हटलं असतं.

गॅरेजवाला

पंचगंगा, मुद्दा मान्य. पायाची सवय ही बुद्धीच्या आधी धावते.

अनघा_देवगड

मृण्मयी, मी एकेचाळिसाव्या वर्षी शिकले, तेही भावाच्या राजदूतवर. म्हणून तुला लिहायला बसले.

आमच्याकडे सडा आहे, नुसता कातळ. पावसाळा संपला की वर गवत सुकतं आणि मैलभर माणूस दिसत नाही. भाऊ म्हणाला, इथे पड, इथे कोणी बघत नाही. पहिले चार दिवस मी गाडी सुरूच केली नाही. नुसती ढकलायची, स्टँडवर चढवायची, उतरवायची, उजवीकडे कलली तर मांडीने सावरायची. पाचव्या दिवशी इंजिन चालू करून फक्त क्लच. अॅक्सिलरेटर नाहीच. क्लच इतका सावकाश सोडायचा की गाडी आपणहून सरकेल. ती सरकली तेव्हा मी सड्यावर एकटी ओरडले होते.

माझी उंची पाच फूट एक इंच. किक मारायला मी सीटवर बसत नाही, गाडी मुख्य स्टँडवर लावून बाजूला उभी राहते आणि सगळं वजन टाकते. चप्पल घालून कधीच मारू नकोस. दांडा उलटा आला तर पायाची नडगी फुटते.

आणि त्या मालकांचं 'चालवता चालवता शिकाल' मनावर घेऊ नकोस. त्यांना गाडी विकायची आहे.

मृण्मयी_के

अनघाताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, यांचं ऐक.

पंचगंगा, बुलेटची किक येझ्दीपेक्षा अवघड असते का? भाऊ म्हणतो, ती उडवून लावते.

पंचगंगा

घाईनं मारली तर उडवते. ओतीव लोखंडाच्या इंजिनाच्या बुलेटला हेडलाइटजवळ ॲमीटर, म्हणजे करंट दाखवणारा काटा असतो. चावी लावायची, किक हळूहळू खाली न्यायची. काटा एका बाजूला झुकलेला असतो, तो मधे आला की पॉइंट (ठिणगी पाडणारे संपर्क) उघडले, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाशी आलाय. तिथं डीकॉम्प्रेसरची, म्हणजे सिलिंडरातला दाब सोडायची पट्टी ओढायची, किक अगदी थोडी आणखी दाबायची, पट्टी सोडायची, दांडा वर येऊ द्यायचा आणि मग एकच सबंध लाथ. ताकद लागत नाही, धीर लागतो. आमच्या काकी मारायच्या, नऊवारीत.

येझ्दी टू-स्ट्रोक, तिला एवढं सोपस्कार नाही.

फॉर्म_तीस

म्हटल्याप्रमाणे कागदांचं. मी ही कामं वर्षानुवर्षं जवळून पाहतो आहे, त्यामुळे जरा कळकळीने लिहितो. इंजिन दुरुस्त होतं, रंग लागतो, पण कागद नसलेली गाडी ही तुमच्या अंगणातली शोभेची वस्तू होते.

पहिलं म्हणजे आरसीवर नाव कोणाचं आहे ते बघा. जुन्या गाडीत बहुतेक वेळा विकणारा आणि आरसीवरचा मालक वेगळे असतात. मधे दोन-तीन हात झालेले असतात, एकानेही नाव बदललेलं नसतं. हस्तांतरणाला २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर आरसीवरच्या माणसाची सही लागते, विकणाऱ्याची नाही. तो माणूस हयात नसेल तर ३१ नंबरचा फॉर्म आणि वारसांचे कागद. परजिल्ह्यातली गाडी असेल तर तिथल्या कार्यालयाची ना हरकत, फॉर्म २८. कधी काळी कर्जावर घेतलेली असेल तर आरसीवर बोजा असतो. वित्त कंपनी बंद पडून वीस वर्षं झाली तरी बोजा आपोआप उतरत नाही.

दुसरं, चेसिस नंबर. फ्रेमच्या मानेवर कोरलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप घ्या, आरसीशी एकेक अक्षर ताडा. इंजिन नंबरचंही तसंच. जागा घासलेली, अक्षरं वाकडीतिकडी, रंगाचा जाड थर असेल तर तिथूनच परत फिरा.

तिसरं, नंबर ऑनलाइन दिसतो का ते बघा. एमएच-१२, एमएच-०९ हे प्रकार येण्यापूर्वीच्या तीन अक्षरी नंबरांच्या कित्येक नोंदी अजून वहीतच आहेत, संगणकावर चढलेल्या नाहीत. ती नोंद चढवून घेणं विकणाऱ्याचं काम आहे. ते झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं असतं, ते थकलेलं असेल तर त्याचा दंड आणि पर्यावरण कर कोण भरणार हे बोलण्यातच ठरवा.

सोलापुरी_चादर

व्हिंटेज म्हणून नोंदवली तर ही कटकट वाचते असं ऐकलंय. खरं का?

फॉर्म_तीस

नाही, आणि हा गैरसमज फार पसरला आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात असलेलीच गाडी व्हिंटेज. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्याचसाठी. ऐंशीच्या दशकातली रोडकिंग त्यात बसतच नाही. शिवाय ताईंना चालवायची आहे, ठेवायची नाही.

गॅरेजवाला

आता माझं काम. मेळाव्यात गाडी बघायला जाल तेव्हा पहिल्यांदा इंजिनावरच्या पात्यांना (फिन्सना) हात लावा. गरम असेल तर मालकाने आधीच चालवून ठेवली आहे. 'उद्या सकाळी घरी येऊन थंड बघतो' म्हणा. थंड गाडी तिसऱ्या-चौथ्या किकेत उठली पाहिजे.

विचारा, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) कितव्या ओव्हरसाइजवर आहे. सिलिंडर घासून पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर असे मोठे पिस्टन टाकत जातात. शेवटच्या मापावर असेल तर पुढच्या वेळी नवी स्लीव्ह बसवायचा खर्च तुमचा.

धूर बघा. सुरुवातीला निळसर असणारच, टू-स्ट्रोक आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होत असलं, तर क्रँकचं सील गेलंय, गिअरचं तेल आत ओढलं जातंय. सील स्वस्त असतं, पण ते बदलायला इंजिन उघडावं लागतं.

आणि फार चकचकीत गाडीला भुलू नका. नव्या क्रोमखाली काय आहे ते दिसत नाही. गंजलेली, पण जिला कोणी हात लावलेला नाही अशी गाडी मी केव्हाही घेईन. मूळ टाकी, मूळ मडगार्ड, मूळ जिकोव्ह कार्बोरेटर असलेली जावा असेल तर रंग उडालेला चालेल. टाकीवरच्या रेघा पूर्वी हाताने ब्रशने मारायचे. त्या रेघेची जाडी कुठे थोडी कमी, कुठे थोडी जास्त असते. स्टिकर लगेच ओळखू येतं.

कुर्ला_नाका

सुटे भाग कुठे मिळतात म्हणे आता? मी मुंबईत.

गॅरेजवाला

पुण्यात नाना पेठ. येझ्दीचे केबल, प्लेटा, पिस्टन मिळतात. मूळ भागांसाठी मेळाव्यातच ओळखी करा. कोणाच्या माळ्यावर काय पडलंय हे त्यांनाच माहीत असतं.

आयोवाकर

इथे आयोवात डेव्हनपोर्टला सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुमारास जुन्या मोटारसायकलींचा मोठा मेळावा भरतो. अँटिक मोटारसायकल क्लब ऑफ अमेरिका १९५४ पासून आहे, आणि त्यांच्या हिशेबात ३५ वर्षांपुढची गाडी अँटिक. गवतावर ताडपत्री टाकून लोक सुटे भाग विकतात, अगदी आपल्या जुन्या बाजारासारखे.

मी तिथे एका आजोबांकडून हार्लीचा हाताचा गिअर शिकलो. गिअरचा दांडा टाकीच्या डाव्या बाजूला, क्लच डाव्या पायात. तो क्लच रॉकर प्रकारचा, जिथे सोडला तिथेच राहतो, म्हणून सिग्नलला पाय जमिनीवर टेकता येतो. जुन्या इंडियन गाडीचा तर अॅक्सिलरेटरही बऱ्याचदा डाव्या हातात असतो. आजोबांनी गाडी विकायची गोष्ट दोन वर्षं काढली नाही. मी दर वर्षी जाऊन त्यांचा तंबू उभारायला मदत केली. तिसऱ्या वर्षी त्यांनीच विचारलं.

दोन_सायलेन्सर

आयोवाकर, हे अगदी इथल्यासारखंच आहे. आमच्याकडेही चांगली गाडी पाटी लावून विकायला येत नाही. मालक म्हातारा होतो, गुडघे किक मारू देत नाहीत, मुलगा परदेशात असतो. तो वर्षभर बघत असतो की हिला कोण नीट सांभाळेल. मेळाव्यात जाऊन "विकायची आहे का?" हे पहिलं वाक्य टाकू नका. गाडीबद्दल विचारा. ढकलायला हात लावा.

अवांतर, पण जिवाचं आहे म्हणून लिहितो. टू-स्ट्रोकने घाट उतरताना अॅक्सिलरेटर पूर्ण बंद करून गिअरवर गाडी सोडू नका. या गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं. अॅक्सिलरेटर बंद म्हणजे पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे वंगण बंद, आणि इंजिन मात्र उताराने गरागरा फिरतंय. १९८८ साली आंबेनळी घाट उतरताना मला हे माहीत नव्हतं. महाबळेश्वराहून निघालो होतो, धुकं होतं, मागे पत्नी. अर्ध्या घाटात पिस्टन सिलिंडरात अडकून बसला आणि मागचं चाक जागीच अडकलं. रबर रस्त्यावर घासल्याचा आवाज अजून कानात आहे. क्लचवर बोटं होती म्हणून तो दाबला गेला, चाक सुटलं आणि कठड्याच्या आत थांबलो. पत्नी काही बोलली नाही, नुसती दगडावर जाऊन बसली. तासाभराने इंजिन निवलं, किक बसली, पण सिलिंडरला चरे पडले होते.

तेव्हापासून उतारावर दर थोड्या वेळाने क्लच दाबून अॅक्सिलरेटरला एक झटका देतो, म्हणजे ऑइल आत जातं. आणि डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. मृण्मयीताई, शिकताना ही दोन बोटं पहिल्या दिवसापासून तिथे ठेवा.

अनघा_देवगड

वाचताना अंगावर काटा आला. वहिनींना नमस्कार सांगा.

सोलापुरी_चादर

ऑइल किती टाकता? आणि आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्याचं काय?

दोन_सायलेन्सर

मी लिटरला ४० मिली टाकतो, मापाची बाटली डिकीत असते. इथेनॉल पाणी शोषून घेतं, म्हणून महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करतो. जुन्या रबरी नळ्या फुगतात, त्या बदलून घेतल्या.

पंचगंगा

महिनाभर उभी ठेवायचीच कशाला? रविवारी मिसळ खायला काढायची.

मृण्मयी_के

सगळ्यांना कळवायला उशीर झाला, माफ करा. बरंच काही झालं.

शिकाऊ लायसन्स आलं. मामेभावाच्या स्प्लेंडरवर सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर रोज सकाळी अर्धा तास चालवते. अनघाताईंचं ऐकून पहिला आठवडा फक्त ढकलणं आणि क्लच. आता चढावर थांबून परत निघता येतं. दोन बोटं क्लचवर असतात.

पाटीवाली गाडी घेतली नाही. चेसिस नंबरचा छाप घ्यायला कागद काढला तेव्हा मालक म्हणाले, एवढा संशय असेल तर राहू द्या. राहू दिलं.

मैदानावर ज्या काकांनी किक मारली होती त्यांच्याकडे तीन रविवार गेले. पॉइंट घासून साफ कसे करायचे, फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास कशी लावायची, हे त्यांनी माझ्या हातून करून घेतलं. त्यांच्या ओळखीतून वाईजवळ एक १९८६ची रोडकिंग कळली. वाड्यात झाकून ठेवलेली, मूळ रंगाची. थंड होती, चौथ्या किकेत उठली. बोअर अर्धा मिलिमीटर वर आहे. आरसीवर आजोबांचं नाव, ते आता नाहीत. नातू सगळे कागद करून द्यायला तयार आहे, मी म्हटलं ते होईपर्यंत थांबते. बयाणा दिला नाही.

एकच शंका आहे. इंजिनाखाली जमिनीवर गिअर ऑइलचे थेंब होते आणि तापल्यावरही धूर फारसा कमी झाला नाही. गॅरेजवाले, हे तेच सील का?

गॅरेजवाला

थेंब बाहेरच्या जॉइंटमधूनही येतात, पण धूर तापल्यावर राहिला म्हणजे क्रँक सीलच धरून चाला. किंमत ठरवताना इंजिन उघडण्याचा खर्च वजा करून बोला. नातवाला स्पष्ट सांगा, लपवू नका, तो ऐकेल. बाकी बोअर अर्ध्यावर आहे म्हणजे गाडीत जीव आहे.

दोन_सायलेन्सर

कागद व्हायला वेळ लागेल. तोवर माझी जावा आहे. रविवारी सकाळी साडेसहाला वारज्याच्या बाजूला या, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो. किक आणि गिअर एकाच दांड्याची सवय तिच्यावर करून घ्या. बूट घालून या. पत्नी म्हणते आहे, आईंनाही घेऊन या, पोहे करते.